पाकोळी परत आली

—छे हो, छापखान्याची चूक कसली! शेवटच्या चित्रातला तो बोलण्याचा फुगा रिकामा आहे कारण तो रिकामाच ठेवलाय. बसा ना, उभ्यानं काय बोलायचं — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, इकडं या खिडकीशी. तुमच्यातला तो दाढीवाला मागे येऊन गेला, त्यालाही मी हेच सांगितलं, पण त्याचं काही समाधान झालं नाही. त्याला त्यात काहीतरी गूढ हवंय. दुसरा एक आला, तो म्हणे फुग्यात पांढऱ्या शाईनं लिहिलंय, अंक दिव्यावर धरला की दिसतं. म्हटलं, धर बाबा, घर पेटवू नकोस म्हणजे झालं. आमच्या चित्रकथेवरचा पहिला सिनेमा आला तेव्हा इकडं काळं कुत्रं फिरकलं नव्हतं, आणि हा दुसरा भाग लागल्यापासून दाराशी नुसती रांग — काकू, पाकोळी खरंच मेली होती का? काकू, मुळात काय होतं? तुम्ही कुठल्या गटातले? मेली-वाले की जिवंत-वाले? — हसू नका, मला सगळं कळतं. एक म्हणतात, अंकात पूल पडतो, पोर नदीत जाते, संपलं. तिला सिनेमात परत आणणं म्हणजे मुळाशी बेइमानी. दुसरे म्हणतात, प्रेत दाखवलंय का कुठं? नाही ना? मग! थेटराबाहेर हातघाईवर आले होते म्हणे — बायकापोरं असलेले बाप्ये, एका चित्रातल्या पोरीपायी. तुम्हीही होतात वाटतं त्यात? — वाटलंच मला.

मूळ, मूळ म्हणता सगळे. मूळ म्हणजे कुठवर जायचं हो? अंकापर्यंत? अंकाच्या मागं काही नव्हतंच का? आता तुम्ही म्हणाल, म्हातारी सुटली. सुटू दे. मघापासून तुम्ही काहीतरी सांगू बघताय, दिसतंय मला, पण आधी माझं ऐका, नाहीतर माझा धागा तुटतो — आणि तुटला की मग दिवसभर सापडत नाही.

चित्रं ह्यांची, अक्षरं माझी. फुग्यांतलं सगळं माझ्या हातचं आहे, रातव्याची किंकाळीसुद्धा. लोकांना वाटायचं काय धिप्पाड माणसाचं अक्षर आहे, आणि मी इथं टाक धरून, एका डोळ्यानं दुधाकडं बघत. रातवा म्हणजे दिवसा घड्याळं दुरुस्त करणारा आणि अंधार पडला की पंख बांधून छपरांवरून उडणारा माणूस — आता तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. पण सुरुवातीच्या अंकांत तो एकटाच आहे, हे ध्यानात घ्या. पाकोळी नाही. पाकोळी नंतर आली. आधी ठकी गेली.

ठकी म्हणजे आमची मुलगी. नाव दुसरं होतं, शाळेत घातलेलं, पण घरात ठकीच. एकुलती एक. हे पानं घेऊन छापखान्यात निघाले की ही मागं लागायची — तिथं कागदाची मोठमोठी रिळं पडलेली असत, त्यांवर चढून पाय हलवत बसायचं हा तिचा उद्योग. त्या दिवशीही गेली. भर दुपार. गल्लीत हातगाड्या, हमाल, यंत्रांचा धडधडाट, माणसाला माणूस लागत होतं. ह्यांनी तिचा हात धरलेला. आतून हाक आली, ब्लॉक बघून जा — चित्राचा छापायचा ठसा हो. आत पट्टे फिरताहेत, शाईचे डबे उघडे, पोरीला न्यायचं कसं — म्हणून हात सोडला आणि म्हणाले, "इथं बस, आलोच." आलोच म्हणजे किती वेळ? एक चौकट नीट बघायला लागतो तेवढा. बाहेर आले तर रीळ होतं, पोर नव्हती.

बास. एवढंच. यापुढं काहीच नाही. पोलीस झाले, इस्पितळं झाली, स्टेशनं झाली, डोळे मिटून पोर कुठल्या दिशेला आहे ते सांगणाऱ्या बायकाही झाल्या — चारी दिशा सांगून संपल्या. कुणी पाहिलं नाही, कुणी ऐकलं नाही. एवढी बडबडी पोर, तिनं एक हाक मारली नसेल? की मारली, आणि यंत्रं चालू होती?

असो.

मग एक दिवस हे टेबलाशी बसले — हेच ते टेबल — आणि अंकात एक मुलगी काढली. मी विचारलं, "ही कोण?" म्हणाले, "पाकोळी. रातव्याला छापखान्याच्या दारात सापडते." हनुवटीवर व्रण काढला होता. ठकी चालायला शिकत होती तेव्हा तिला ह्याच टेबलाचा कोपरा लागला होता, तो व्रण. मी म्हटलं, "अहो, कशाला?" तर म्हणाले, "अंक कुठं कुठं जातो ठाऊक आहे तुला? न्हाव्याच्या दुकानात जातो, बसस्टँडवर जातो, रद्दीत जातो, दाण्यांच्या पुड्या होतात त्याच्या. कुठंतरी एक पोर पुडी सोडेल आणि तिला आपलं घर दिसेल." समजलं? म्हणून दर अंकात घरातली एकेक वस्तू. तो कान तुटलेला कप. माझी झोळ पडलेली खाट. उशीखाली चमचा घेऊन झोपायची ती, का कुणास ठाऊक — तोही चमचा आहे बघा, पाकोळी तो हत्यार म्हणून वापरते. दाढीवाला म्हणतो, काय बारकावे आहेत काकू, जगात तोड नाही. अहो, बारकावे कसले, खुणा होत्या त्या! आम्ही एकीला हाक मारत होतो, आणि ऐकली तुम्ही हजारोंनी. तुमची चूक नाही. तुम्ही तरी काय, शाळकरी पोरं. पण तिच्यापर्यंत गेली की नाही, ते नाहीच कळलं.

आणि मग अंकाचे मालक म्हणाले, वाचकांना मारामारी हवी, ही पोर मध्ये मध्ये येते, तिला संपवा. ह्यांनी साफ नाही म्हटलं. मालक शांतपणे म्हणाले, ठीक आहे, दुसरा कुणी काढेल. आता बोला! आपली पोर दुसऱ्याच्या हातून मारून घ्यायची की आपल्या? ह्यांनीच काढलं. पूल काढला, नदी काढली. प्रेत काढणार नाही म्हणाले, एवढी एकच गोष्ट मालकांनी ऐकली. शेवटच्या चौकटीत ती खाली चाललीय, तोंड उघडं, वर फुगा. फुग्यातला मजकूर मालकांकडून आला होता. एकच शब्द — "आई!" मी टाक बुडवला. धरून बसले. शाई वाळली. पुन्हा बुडवला. पुन्हा वाळली. मग उठले आणि टाक धुऊन ठेवला. हे बघत होते. पानं बांधली आणि घेऊन गेले. आता सांगा, काय गूढ आहे त्यात? एका बाईला एक शब्द लिहवला नाही, झालं. त्याच्यावर तुम्ही लोक इतकी वर्षं डोकी फोडताय.

सिनेमा? पाहिला ना. न पाहून सांगते कुणाला. शेजारच्या मुलीनं नेलं, अगदी हाताला धरून. पाकोळी मोठी होऊन येते, काळे कपडे, केस कापलेले, रातव्याला छपराच्या कडेशी गाठते आणि म्हणते — "तू हात का सोडलास?" तुम्हा लोकांचा खरा आक्षेप तोच ना? की अंकात रातवा हात सोडतच नाही, पुलाचा दोर तुटतो. बरोबर आहे तुमचं. शंभर टक्के बरोबर. ह्यांनी दोरच तोडला. रातव्याला नाही सोडू दिला हात. पण त्या सिनेमावाल्यांना कुणी सांगितलं असेल हो? मी नाही. कुणीच नाही. त्यांनी आपलं मनानं रचलं, आणि नेमकं तेच निघालं. मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते, शेजारची मुलगी म्हणाली, "काकू, नुसता सिनेमाय." म्हटलं, हो ग बाई. हे तेव्हा हवे होते — नाही, नव्हते तेच बरं. शेवटच्या दुखण्यात झोपेत मूठ आवळायचे. इतकी घट्ट, की नखं तळव्यात रुतायची. एकेक बोट सरळ करून द्यावं लागायचं मला, आणि सरळ केलं की असे ओरडायचे…

नको. दुसरं बोलू.

तिच्याबद्दल विचारा ना मग, मघापासून आतल्या खोलीकडं बघताय ते मला काय कळत नाही? नाहीये ती. कारखान्यात गेलीय, शाळेचे गणवेश शिवते. हात चांगला आहे. येईल इतक्यात. दाढीवाल्यानं सांगितलं असणार तुम्हाला, त्याच्या पोटात कधी काही राहायचं नाही. सिनेमा लागल्यावर थोड्याच दिवसांनी आली. दार उघडलं तर एक बाई, चाळिशीच्या आतबाहेरची, हातात पिशवी. मला वाटलं काही विकायला आलीय. म्हटलं, "नको हो बाई काही." तर म्हणाली, "आई, मी."

काय करणार? पाणी दिलं. फळीवर कान तुटलेला कप होता, तिनं तोच मागितला. टेबलापाशी गेली, कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि हनुवटी अशी पुढं केली. व्रण. खरा व्रण हो! मी मटकन खाली बसले, तीही बसली आणि माझ्या मांडीत डोकं खुपसलं — एवढी थोरली बाई, केसांत पांढरं आलेलं, आणि पाठ हलतेय नुसती. माझा हात आपोआप गेला पाठीवर. मी काय ठरवून नाही ठेवला. मग जरा शांत झाली आणि म्हणाली, "आई, आपल्या गच्चीवरच्या निळ्या फरश्या आहेत का ग अजून? तू मला तिथं बसवून केस विंचरायचीस."

आम्हाला गच्ची नव्हती.

तेव्हा सायकलच्या दुकानामागं तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या, खिडकी उघडली की समोर भिंत. गच्ची अंकात आहे. रातव्याला उतरायला जागा हवी म्हणून ह्यांनी काढली, आणि मुखपृष्ठावर निळी रंगवली. म्हणाले, असू दे, ठकीला गच्ची आवडली असती. आणि व्रण — ठकीचा डावीकडं होता. ह्यांना तोंड उजव्या बाजूनं काढायची सवय, आणि व्रण तर दिसायला हवा, म्हणून अंकात तो उजवीकडं गेला. हिचा उजवीकडं आहे. आता तो आला कुठून, ते मी विचारलेलं नाही. लहानपणी पोरं खेळता खेळता पडतात. आणि न पडताही, आपल्याच हातानं… नाही. त्याचा विचार मी करत नाही. करायचाच नाही.

लबाड नाही ती. लबाड असती तर माझ्याकडून काही काढून घेतलं असतं. ही आपला पगार आणून देते. म्हणते, मला कुणी नाही, आश्रमात वाढले, अंक वाचताना एक दिवस मला माझं घर ओळखू आलं. तिला खरंच तसं वाटतं हो. दाढीवाला म्हणतो, रक्त तपासून घ्या काकू, एका थेंबात कळतं. मला नको थेंब. मला पहिल्याच दिवशी कळलंय. — मग ठेवून का घेतली? बघा, आमची ठकी त्या गल्लीतून कुठंतरी गेली असणार ना? चालत गेली, कुणी नेली, पण कुठल्या तरी दारापाशी पोचली असणार. आणि कुणीतरी बाईनं दार उघडलं असणार. ही आपली नाही हे तिला कळलं असेलच, आणि तरी म्हणाली असेल, ये, आत ये, बाहेर उभी राहू नकोस. त्या बाईच्या भरवशावर मी जगले. दुवा दिलाय मी तिला, रोज, अंथरुणाला पाठ टेकताना. मग माझ्या दारात कुणी आलं, तर मी काय दार लावायचं?

पण एक सांगते, ते दाढीवाल्याला सांगू नका. परवा ती माझे केस विंचरत होती — आता तीच विंचरते — आणि माझ्या तळव्यांना एकदम गार लागलं. फरशी. निळी. कठड्याची सावली पडलेली, आणि माझ्या गुडघ्यांत ठकी बसलीय, तिच्या केसांना उन्हाचा वास येतोय. मला आठवलं ते! जे नव्हतंच, ते आठवलं, अगदी स्वच्छ. मी घाबरून डोळे उघडले. म्हटलं, खोल्या आठवू, त्या दोन खोल्या, ती भिंत — तर भिंत काही येईना, गच्चीच येते. ठकीचा आवाज आठवायला जावं तर हिचाच येतो. घरात एकच फोटो आहे, त्यात पोरीनं मान खाली घातलीय, हनुवटी दिसत नाही. व्रण डावीकडंच होता ना? होता. होता हो. डावीकडंच. एकदा छापखान्याच्या दारात हरवली, ते दुसऱ्या कुणाचं तरी काम. आता इथं माझ्या आत हरवत चाललीय, आणि मी बघतेय. ही समोर उभी आहे, आणि तिच्या मागची पोर मला दिसेनाशी झालीय. आणि हिला कसं म्हणू, जरा बाजूला हो?

काय? — काय दाखवताय ते, फोटो? थांबा, चष्मा… हं. कोण ही? म्हातारी आहे. माझ्याएवढीच दिसते. दारात खुर्ची टाकून बसलीय. ही काय तुमची कुणी —

कुणाची आई?

पुन्हा सांगा. सावकाश.

आश्रम नाही? घर आहे? भाऊसुद्धा? पण ती तर म्हणाली, मला कुणी नाही — हं. हं. सिनेमा बघून आली, दुसऱ्या दिवशी कामाला म्हणून निघाली ती… आणि पेटीत सगळे अंक सापडले, म्हणून भावानं तुमच्या लोकांकडं चौकशी केली. आणि ही? ही दारातच बसते? आत नाही येत? — नाही, विचारते का, तर मला ठाऊक आहे. आत बसलं की वाटतं, कडी वाजली आणि आपल्याला ऐकूच आली नाही. जेवणसुद्धा दारात आणून द्यावं लागतं. माझं ताट हे आणून द्यायचे.

म्हणजे तुम्ही फुग्याचं विचारायला आलाच नव्हतात. आणि मी बसले आपली पाल्हाळ लावून. आधी का नाही सांगितलंत? — हो, मीच बोलू दिलं नाही. मीच.

किती छान दुवा देत होते मी त्या दार उघडणाऱ्या बाईला. तिच्या अंगणात माझी पोर खेळत असेल, जेवत असेल, झोपत असेल, आणि तिच्या मनात एकदाही आलं नसेल का, की हिची आई कुठंतरी दारात बसली असेल? आलं असेल. तिनं ते बाजूला सारलं असेल. कसं सारतात ते आता कळतंय मला. सोपं असतं. रोज थोडं थोडं.

ऐका, फोन लावता येतो ना तिच्या भावाला? आत्ता नको, खाली जाऊन लावा. त्याला म्हणावं, आईला सांग — जेवते. दोन्ही वेळा नीट जेवते. आली तेव्हा खोकला होता, तो गेला. काम लागलंय, सोबतच्या बायका चांगल्या आहेत. झोपेत दचकते, पण पाठीवर हात ठेवला की पुन्हा झोपते. — हे शेवटचं नका सांगू. नाही, सांगा, सांगा, तेही सांगा. मला कुणी इतकं जरी येऊन सांगितलं असतं ना, बाळा, नाव-पत्ता काही नको, नुसतं एवढंच, की जेवते… आणि पत्ता द्या माझा. लगेच. मी मागाहून नको म्हणाले तरी द्या.

शू. जिन्यावर पाय वाजले. तीच आहे, ती मधल्या पायरीवर नेहमी थांबते, दम खाते. तुम्ही तिच्याशी अक्षर बोलायचं नाही. मी सांगते. मीच सांगायला हवं, आईनंच सांगितलेलं — म्हणजे मी. मी सांगते. आज. दमून आलीय, चार घास खाऊ दे, मग सांगते. उद्यावर नाही टाकत, असं बघू नका माझ्याकडं. मागच्या दारानं जा, मोरीपाशी ओलं आहे, जपून. नाही, चहा नको आता, कसला चहा — जा ना, बाळा. जा.